चावीवाल्याची सायकल

हरिबा मोटे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सायकल शिकले. त्याआधी त्यांना तिची गरज पडली नव्हती. लहानपणी ते मेंढरांमागे चालले, एकविसाव्या वर्षापासून रुळांवर चालले, आणि या दोन्ही कामांत चाकावर बसलेल्या माणसाचा उपयोग नसतो.

रेल्वेत ते कीमन होते. गाव त्यांना चावीवाला म्हणायचं. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीला रेल्वेत चावी म्हणतात. गाडीच्या हादऱ्याने ती सैल होते, कधी निसटून खडीत पडते. कीमनने रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन निघायचं, सैल चावी दिसली की ठोकायची आणि रुळाला तडा दिसला की गाडी अडवायची. जाताना एका रुळावर नजर ठेवायची, येताना दुसऱ्यावर. हरिबांची हद्द सात किलोमीटरची होती. बोरगेवाडीचं स्टेशन हे एक टोक, ओढ्यावरचा लोखंडी पूल हे दुसरं. मिरजेहून पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात येणाऱ्या छोट्या गाडीची ही लाइन. एकोणतीस वर्षं ते या हद्दीत रोज गेले आणि आले. मग छोटी गाडी बंद झाली, शेजारून मोठे रूळ पडले, आणि उरलेली दहा वर्षं त्यांनी मोठ्या रुळावर काढली. छोट्या लाइनीचे रूळ उचलून नेले. मातीचा भराव तेवढा राहिला, कुठे पुरुषभर उंच, कुठे जमिनीला टेकलेला. गावकरी त्याचा रस्ता म्हणून वापर करू लागले. त्याला कुणी नाव दिलं नाही. लाइनीवरनं जा, एवढंच म्हणत.

या लाइनीचं काही होऊ शकतं हे पहिल्यांदा सुचलं ते त्यांच्या सुनेला. पल्लवी आटपाडीची, बी.कॉम. झालेली. नवरा बिरदेव टेम्पो घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. स्टेशनाला लागून मोट्यांचं सहा एकर माळरान होतं. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. पल्लवीने तिथे सहा तंबू ठोकले, दोन संडास बांधले, आठ सायकली आणल्या आणि मोबाइलवर फोटो टाकले. दिवाळीपासून सांगली, पुणे, साताऱ्याकडची माणसं येऊ लागली. दुपारी भाकरी, ठेचा आणि हुलग्याच्या माडग्याचं जेवण, उन्हं कलली की जुन्या लाइनीवरून पुलापर्यंत सायकलवर निवांत रपेट, पुलावर चहा, आणि परत. रस्ता सपाट. आगगाडीला चढ चालत नाही, त्यामुळे सायकलवाल्यालाही लागत नाही. साठीतली माणसंसुद्धा गप्पा मारत जात.

माहिती सांगायला अर्थातच हरिबा. ते पुढे चालायचे, पाहुणे मागून सायकली हातात धरून.

हे तीन रविवार टिकलं. चौथ्या रविवारी पुण्याची सात जणांची टोळी आली. त्यांनी एक किलोमीटर सायकली ढकलल्या आणि मग "काका, आम्ही होतो पुढे" म्हणून निघून गेले. हरिबा पुलावर पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पोरं चहा न पिता डांबरी रस्त्याने परत गेली होती. हरिबा चहाची किटली आणि सात कप घेऊन पुलाच्या कठड्यावर बसले. एक कप त्यांनी प्यायला, बाकीचा चहा ओढ्यात ओतला. परत येताना गुडघा सुजला. उजवा गुडघा त्यांनी दोन वर्षांपूर्वी मिरजेत बदलून घेतला होता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की सायकल चालेल, रोजची चौदा किलोमीटरची पायपीट आता नाही.

पल्लवीने त्या आठवड्यात मिरजेच्या सायकल दुकानातला सूरज नावाचा तिशीतला गडी रविवारपुरता लावला. सूरज सायकलीत हुशार होता. लाइनीतलं त्याला काही माहीत नव्हतं, पण गप्प बसणंही माहीत नव्हतं. स्टेशनापासून दोन किलोमीटरवर इंजिनाला पाणी भरायची दगडी टाकी आहे. तिथे त्याने पाहुण्यांना सांगितलं, "इथं ब्रिटिश साहेब आंघोळ करायचे."

तानुबाईंनी, म्हणजे हरिबांच्या बायकोने, चुलीपुढे बसून हे नवऱ्याला सांगितलं आणि पदरात तोंड घालून हसल्या. हरिबा हसले नाहीत.

"किती उंच टाकी हाय ती?" ते म्हणाले. "पंधरा फूट. साहेब काय शिडी लावून आंघोळीला चढत हुता?"

"मला काय इचारता? त्याला इचारा."

"त्याला न्हाई इचारत. सायकल काढ."

चाळीस दिवस, पहाटे तांबडं फुटायला, हे शिकणं चालू होतं, सुरुवातीला स्टेशनामागच्या खळ्यावर. हरिबा सीटवर, तानुबाई मागून कॅरिअर धरून. सायकल सारखी डावीकडे जायची. कारण हरिबांची मान खाली आणि डावीकडे. एकोणचाळीस वर्षं जाताना त्या बाजूचा रूळ बघितलेला.

"आवं, पुढं बघा. खाली काय बघताय? हितं कुठं रूळ हाय?"

"बघितल्याशिवाय पाय पुढं पडत न्हाई माझा."

"पाय न्हाई, चाक हाय ते. लग्नात हळदीच्या अंगानं एवढं पळवलं न्हवतं तुमी मला."

"तवा मेंढरं पळत हुती. तुझी गरज न्हवती."

मान काही वर झाली नाही. मग त्यांनी वेगळा उपाय काढला. खळं सोडून भरावावर सायकल घेतली आणि जिथे डावा रूळ होता बरोब्बर त्या रेषेवर चाक ठेवलं. ती रेषा त्यांनाच दिसत होती. स्लीपर उचलल्यावर राहिलेले खळगे केव्हाच बुजले होते, पण त्यांना ठाऊक होतं. रेषेवर ठेवलं की चाक सरळ जाई. परतताना दुसऱ्या रुळाची रेषा. पंचविसाव्या दिवसापर्यंत ते तीन किलोमीटर जाऊन येऊ लागले.

आणि मग ते पडले. भरावावरून खाली, सायकलीसकट, वेड्या बाभळीत. चार दिवसांनी दुसऱ्यांदा पडले. तानुबाईंनी काटे काढले. "दगड आला," हरिबा म्हणाले. दुसऱ्या वेळी तानुबाई म्हणाल्या, "त्यो दगड तुमच्या वळकीचा दिसतुय."

दगड नव्हता, हे हरिबांना नीट माहीत होतं. दोन्ही वेळा शेजारच्या मोठ्या लाइनीवर गाडीची शिटी वाजली होती.

त्याचं असं झालं होतं. हरिबा नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यांच्या गँगमध्ये नाथाजी नावाचा माणूस होता. पावसाळी वारा उलटा होता, लाइनीसाठी टेकडी खोदून केलेल्या अरुंद खिंडीतून तो चालला होता, पाठीमागून गाडी आली. शिटी त्याने ऐकली आणि कुठल्या बाजूने वाजली ते बघायला मान वळवली. तेवढ्यात संपलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्या गँगला रुळावर उभं केलं आणि एकच गोष्ट शिकवली. शिटी ऐकली की पहिलं उतरायचं, मग बघायचं. आठवडाभर तो स्वतः तोंडाने शिटी मारायचा आणि माणसं रुळावरून उडी मारायची. जो आधी बघेल त्याला त्या दिवशी दुप्पट खडी. हरिबांच्या अंगात ते इतकं मुरलं की बाजारात कुकरची शिटी झाली तरी त्यांचा पाय रस्त्याच्या कडेला जाई.

चालत्या माणसाने बाजूला उडी मारली तर तो कडेला उभा राहतो. सायकलवरच्या माणसाने मारली तर तो सायकलीसकट खाली जातो. हरिबांचा तोल, गुडघा, डोळे, सगळं शाबूत होतं. पण भरावावर ते असताना शिटी झाली की अंग त्यांना न विचारता उतरत होतं.

पल्लवीला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मामा, राहू द्या.

तरी तिने अट घातलीच. जानेवारीच्या सुरुवातीला हरिबा म्हणाले, "आता पाव्हण्यांस्नी मी नेतो. त्या सूरजला सांग."

पल्लवी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. "मामा, काटे काढताना बघते मी. ह्या शनवारी एकदा मला दाखवा. पुलापर्यंत जायचं, परत यायचं, बरोबर पाव्हणं असताना. एकदाबी पडायचं न्हाई. जमलं तर रविवारपासनं तुमी पुढं."

"आन न्हाई जमलं तर?"

"तर सूरज पुढं. तुमी टेम्पोतनं पुलावर जावा, चहा द्या, माहिती सांगा. बसून."

"बसून? मी काय फाटकवाला हाय?"

फाटकावर बसून पगार घेणाऱ्यांबद्दल चालणाऱ्या माणसांचं मत रेल्वेत पहिल्यापासून असं आहे. पल्लवीला ते माहीत नव्हतं, पण तिला सूर कळला. "फाटकवाल्यालाबी पेन्शन सारखीच मिळते, मामा," ती म्हणाली आणि पुन्हा पिठाला लागली.

त्या शनिवारी दोनच पाहुणे होते. कराडजवळच्या एका उसाच्या गावचे लालासाहेब, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. आणि त्यांची सून संयोगिता, हायस्कुलात भूगोल शिकवणारी. बेत तिचा होता. सासरे घरी दिवसभर टीव्हीपुढे बसून टीव्हीला सूचना देतात, म्हणून तिने त्यांना बाहेर काढलं होतं. लालासाहेबांनी तंबू आल्या आल्या तपासला, एक खुंटी उपटून पुन्हा तिरकी ठोकली, आणि सायकलीचे ब्रेक दोनदा दाबून बघितले.

"गाइड कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," हरिबा म्हणाले.

लालासाहेबांनी त्यांच्याकडे, मग सायकलीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. "किती दिवस झालं चालवताय?"

"चाळीस."

"वर्सं?"

"दिस."

"आबा," संयोगिता हळूच म्हणाली. लालासाहेब म्हणाले, "न्हाई, मी कुठं काय म्हणलं? नवीन भरती म्हणलं की अंगात जोर असतोय."

तीन वाजता ते निघाले. वेळ हरिबांनी ठरवली होती. दुपारची पॅसेंजर साडेबाराला जाते, संध्याकाळची सहाला येते. मधल्या वेळात शिटी नाही. मालगाडीचा भरवसा नव्हता, कारण तिला वेळापत्रक नसतं, पण शनिवारी दुपारी ती सहसा येत नाही असा त्यांचा दहा वर्षांचा हिशेब होता.

ऊन उतरतीला लागलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती, कुठे कुठे द्राक्षाच्या बागा कागद लावून झाकलेल्या. हरिबा पुढे, रुळाच्या रेषेवर, माणसाने भरभर चालावं तेवढ्याच वेगाने. मागे संयोगिता, शेवटी लालासाहेब. पहिला किलोमीटर लालासाहेबांनी दोनदा घंटी वाजवली. मग नाद सोडला. पाण्याच्या टाकीपाशी हरिबा उतरले आणि इंजिनाला पाणी कसं भरत, हौदातली चामड्याची नळी कशी फिरवत, थंडीत ती आखडली की ड्रायव्हर कुणाकुणाच्या नावाने शिव्या देई, हे सांगितलं.

"पण मला ऑनलाइन एकानं लिहिलेलं दिसलं," संयोगिता म्हणाली, "की ब्रिटिश अधिकारी इथं आंघोळ..."

"शिडी कुठं हाय?" हरिबा म्हणाले.

तिने वर बघितलं. "खरंच की."

पुढे तीन किलोमीटर काही झालं नाही. हरिबांच्या अंगाला सायकल सवयीची झाली होती. त्यांनी भरावाखालून पाणी जायची मोरी दाखवली, बैलगाड्यांचं जुनं नाकं दाखवलं, एका जागी थांबून मातीतून पायाने एक गंजकी चावी उकरून काढली आणि संयोगिताच्या हातात दिली. मुलांच्या वह्या तपासताना बघावं तसं ती त्या चावीकडे बघत राहिली.

पाचव्या किलोमीटरला लाइन वळते. वळणावर भराव सर्वांत उंच आहे आणि बाभळी दाट, त्यामुळे मोठ्या लाइनीवरचं फाटक दिसत नाही. हरिबा वळणाच्या मध्यावर होते. मालगाडीची शिटी वाजली.

संयोगिताला एवढंच दिसलं की पुढचा माणूस नाही. सायकलही नाही. भरावाच्या कडेला धूळ होती.

हरिबा दहा फूट खाली बाभळीच्या बुंध्याशी बसले होते. उजवा कोपर सोलला होता, फेट्याला काटे, हातात हँडलची एक मूठ. शेजारून मालगाडी धडधडत चालली होती. ते सवयीने डबे मोजत होते. शेवटचा डबा गेल्यावर उठले.

"दगड आला," ते म्हणाले.

संयोगिताने फोन काढला. "काका, मी पल्लवीताईंना फोन करते. टेम्पो येईल."

"टेम्पो न्हाई. बिरदेव सोलापुरात हाय. आन असता तरी नको."

"पण लागलंय तुम्हाला."

"पुलावर पाणी हाय. तिथं धुतो."

लालासाहेब तोवर खाली उतरून आले होते. त्यांनी सायकल उचलली, पुढचं चाक फिरवून बघितलं, वाकलेला मडगार्ड गुडघ्यात धरून सरळ केला. मग संयोगिताला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "दगड न्हाई. शिटी हाय."

हरिबा फेट्यातले काटे काढू लागले.

"आमच्या पलटणीत एक हवालदार हुता. घरी दिवाळीत फटाका वाजला की खाटंखाली. तीन लेकरांचा बाप." लालासाहेबांनी मूठ हँडलवर परत बसवली. "कितीदा झालं?"

"हे तिसरं."

"सुनंला ठाव हाय?"

"न्हाई."

पुलापर्यंतचे दोन किलोमीटर राहिले होते. हरिबा सायकलवरूनच गेले. कोपरातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं, ते त्यांनी फेट्याच्या शेवाने पुसलं. अट मोडली होती. पण हद्दीचं दुसरं टोक अजून यायचं होतं, आणि हद्द अर्धी सोडून ते कधी परत फिरले नव्हते. जिथपर्यंत गेलो नाही तिथली चावी सैल असेल, ही त्यांची जुनी धास्ती होती. आता चाव्या नव्हत्या. सवय होती.

पुलावर त्यांनी हात धुतला. पल्लवीने दिलेल्या थर्मासमधला चहा तिघांत वाटला. संयोगिता पुलाचे फोटो काढायला खाली ओढ्यात उतरली. दोन म्हातारे कठड्यावर बसले.

"तुमच्यात शिटीला काय करायचं असतंय?" लालासाहेबांनी विचारलं.

"पहिलं उतरायचं, मग बघायचं."

"बेस हुकूम हाय. त्यात चूक काय न्हाई. चूक एवढीच की हुकूम देणारा तिकडं इंजिनात बसलाय. त्यो म्हणतुय आन तुमी उडी मारताय. सायकलवर चालत न्हाई ते. सायकलवरनं उतरायला तीन गिनती लागत्यात. ब्रेक, पाय, खाली. तुमी तीन गिनतीचं काम एका गिनतीत करताय."

"मग काय, त्याला सांगू शिटी जरा दमानं वाजव म्हणून?"

"न्हाई. त्याच्या आधी तुमीच हुकूम द्या. कवा वाजवणार ते तुमाला कळतं का न्हाई?"

हरिबांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग त्यांनी मोठ्या लाइनीकडे बोट केलं. तिथे रुळाच्या कडेला एक पिवळी पाटी दिसत होती, तिच्यावर दोन काळी अक्षरं.

"ती पाटी हाय न्हवं? फाटकाच्या आधी अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर असती. तिथं आलं की ड्रायव्हरला शिटी वाजवावीच लागती. मनाचं काम न्हाई त्याच्या. आन फाटक पडलं की समजायचं, चार-पाच मिन्टांत गाडी आली."

"म्हंजे तुमाला सगळं ठाव हाय."

"ठाव हाय की."

"मग वाट कुणाची बघताय, गड्या?"

हरिबांनी कप उपडा केला. एवढी वर्षं ती पाटी ते बघत होते. पण ती ड्रायव्हरसाठी होती. कीमनने पाटी वाचायची नसते, शिटी ऐकायची असते.

परत निघताना त्यांनी दोघांना समोर उभं केलं. आवाज गँगला सांगताना लागायचा तसा लागला. "मी उतरा म्हणलं की उतरायचं. का, कशाला इचारायचं न्हाई. डाव्या अंगाला सायकल घिऊन हुभं ऱ्हायचं. शेवटचा डबा गेल्याबिगर कुणी चढायचं न्हाई."

"येस सर," लालासाहेब म्हणाले, आणि त्यात चेष्टा फार नव्हती.

एक किलोमीटर गेले. हरिबांची नजर आता दोन ठिकाणी होती. एक रुळाच्या रेषेवर, आणि दर थोड्या वेळाने मान वर, लांब दिसणाऱ्या फाटकाच्या लाल-पांढऱ्या दांड्याकडे. चाळीस दिवस तानुबाईंना जे जमलं नव्हतं ते झालं, मान वर झाली. वळणाआधीच्या सरळ टप्प्यावर दांडा खाली आला.

गाडी मागून येणार होती. हरिबांना ती दिसत नव्हती. त्यांनी उडी मारली नाही, थांबलेही नाहीत. वळण आणि उंच भराव यायच्या आधी जी रुंद जागा होती तिथपर्यंत सायकल नेली. कान मागे लागले होते. मग ते मोठ्याने म्हणाले, "उतरा."

ब्रेक, पाय, खाली. स्वतःला ऐकू जाईल असं त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजलं. डाव्या बाजूला सायकल घेतली, गाडीकडे तोंड करून उभे राहिले. मागे संयोगिता, तिच्यामागे लालासाहेब, तिघं एका रांगेत.

शिटी झाली. हरिबांचं अंग हललं, टाच उचलली गेली. पण जायला जागा नव्हती, ते आधीच उतरलेले होते.

मालगाडी अर्ध्या फर्लांगावरून गेली. हरिबांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला. सगळं ठीक आहे असं ड्रायव्हरला सांगायची ती खूण. ड्रायव्हरने बघितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बघायचं त्याला कारणही नव्हतं. शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली गेली तेव्हा हरिबा म्हणाले, "चढा."

साडेपाचला ते स्टेशनापाशी पोचले. पल्लवी तंबूंच्या तोंडाशी उभी होती. तिची नजर आधी कोपरावर गेली.

हरिबांनी काही म्हणायच्या आत लालासाहेब बोलले. "काय न्हाई, बाभळीची फांदी लागली. चालवत्यात झ्याक. आमच्या पलटणीत..."

"सुभेदार," हरिबा म्हणाले. लालासाहेब थांबले. हरिबा सुनेकडे वळले. "जाताना पडलो. वळणावर, भरावाखाली. शिटी झाली की मी उडी मारतो, माझ्याच्यानं ऱ्हावत न्हाई. आधीबी दोनदा त्याच्यापायीच पडलो. दगड न्हवता. येताना गाडी आली, न्हाई पडलो."

कीमनने दिवसाच्या शेवटी मुकादमाला जे दिसलं ते सांगायचं असतं. स्वतःच्या हातून राहिलेलंही. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी त्यात काटछाट केली नव्हती.

तानुबाई चुलीपासून उठून हळद घेऊन आल्या आणि नवऱ्याचा कोपर धरला. "म्हंजे त्यो वळकीचा दगड ह्यो," त्या म्हणाल्या.

"मामा," पल्लवी म्हणाली, "मी म्हणलं हुतं, एकदाबी न्हाई."

"व्हय."

"उद्या रविवार हाय. मिरजेची दहा माणसं येणार. सूरज येतुय त्यांच्यासाठी. मी अट सोडायची न्हाई."

"नगो सोडू. माणसं कवा येणार?"

"अकराला."

"मी सातला निघतो. पावणेआठच्या सुमाराला सकाळची एक्सप्रेस असती." हरिबांनी पहिल्यांदा गाडी असलेली वेळ निवडली होती. "पाव्हणं पायजेत म्हणलीस. सुभेदार, येताय?"

"उद्या आमचं सकाळी निघायचं ठरलंय," संयोगिता म्हणाली.

"आपण दुपारी निघू," लालासाहेब म्हणाले. "सामान नऊला भरायचं ते बाराला भरू. जग बुडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. लालासाहेब आणि संयोगिताच्या मागे पल्लवी स्वतः सायकल घेऊन निघाली. तिने ते आधी सांगितलं नव्हतं. धुक्यात फाटक दिसत नव्हतं, तेव्हा हरिबांनी घड्याळावर काम केलं. पावणेआठला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी तिघांना उतरवलं आणि स्वतःही उतरले. गाडी उशिरा होती. ते सगळे बारा मिनिटं भरावाच्या कडेला उभे राहिले, गवताच्या दवाने पाय भिजवत. पल्लवी एकदा म्हणाली, "मामा, तवर थोडं पुढं जाऊ का?" "न्हाई," हरिबा म्हणाले. गाडी आली, शिटी झाली, शेवटचा डबा गेला, ते चढले. येतानाही ते सगळे एकदा उतरले, एका मालगाडीसाठी. सव्वानऊला सगळे स्टेशनावर होते. कुणी पडलं नव्हतं.

पल्लवीने सायकल स्टँडला लावली आणि सूरजला फोन केला. "या तुमी," ती म्हणाली. "पर आजपासनं मागं ऱ्हायचं. पंपाची पिशवी घिऊन. पुढं मामा."

आता बोरगेवाडीची रपेट साडेतीन तासांची झाली आहे. पूर्वी ती दोन तासांत संपायची. वळणाजवळच्या त्या रुंद जागेवर हरिबांनी एक पाटी रोवली. ती छोट्या लाइनीवरची जुनी लोखंडी पाटी, बरीच वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण होती. पिवळा रंग त्यांनी स्वतः दिला. त्यावर अक्षरं घातली नाहीत. तिथे आलं की ते फाटकाकडे बघतात, आणि दांडा खाली असेल तर सगळ्यांना उतरवतात. घाईची माणसं कुरकुरतात, काही परत येत नाहीत. पल्लवीने फोटोखाली आता लिहून टाकलं आहे की घाई असणाऱ्यांनी येऊ नये.

मागच्या रविवारी पुण्याच्या एका पाहुण्याने विचारलंच. गाडी त्या लाइनीवर, आपण या लाइनीवर, मध्ये शेत आहे, मग उतरायचं कशाला?

हरिबांनी मोठ्या लाइनीवरून नजर काढली नाही. "शिटी कुणासाठी हाय ते मागनं बघू," ते म्हणाले. "पहिलं उतरा."

पाहुणा उतरला.